गाईपुढची मेथी

ये गं, अशी जवळ ये. लांब बसून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही आणि मोठ्यानं सांगण्यासारखी तर नाहीच नाही. मी इथं धारवाडात, मळमड्डीच्या घरी, मागच्या दाराशी खुर्ची टाकून लिहिते आहे आणि तू तिकडं हुबळीत बसून वाचणार, हे मला कळतं. तरी जवळ ये म्हणते. आधी जरा रागावून घेऊ दे. किती रविवार झाले गं तू आली नाहीस? फोन करतेस. "काकू, गोळी घेतलीस का? काकांचा गुडघा कसा आहे?" सगळं विचारतेस. आणि मी "कधी येतेस?" म्हटलं की नेमके तुझ्याकडं पाहुणे येतात. एवढे पाहुणे हुबळीच्या स्टेशनावरसुद्धा उतरत नसतील. शहाणी आहेस खरी, पण काकूला फसवण्याइतकी अजून झाली नाहीस.

तू का येत नाहीस ते मला पक्कं ठाऊक आहे. तुझ्या सासूबाई त्या दिवशी जे बोलल्या, त्याची तुला लाज वाटते. माझ्यासमोर बसायला तुला जड जातं. अगं पण ती लाज तुझी नव्हेच! ती माझी आहे. माझी वस्तू तू उगाच उचलून नेलीस, ती परत मागायला म्हणून हे लिहिते आहे. आणखी कुणी वाचलं तर वाचू दे. निम्म्या मळमड्डीला तसंही माहीत आहे.

त्या आणखी कुणासाठी सांगून ठेवते. ही माझी पुतणी, धाकट्या दिरांची मुलगी. कॉलेजसाठी आमच्याकडं राहायला आली आणि लग्न होईपर्यंत राहिली. मला मूल नाही, पण ही घरात असताना ते आठवायला सवड मिळाली नाही. लग्न होऊन हुबळीला गेली. दुर्गदबैलात सासरच्यांचं कापडाचं दुकान, मागच्या गल्लीत घर. दर रविवारी सकाळच्या बसनं यायची, आमच्याबरोबर जेवायची, दुपारी माझ्या पलंगावर आडवी होऊन सासरचं सगळं सांगायची आणि उन्हं उतरली की निघायची. निघताना तिच्या हातात माझी पिशवी. पिशवीत भाजी. त्या पिशवीनंच घात केला.

आमच्या घरामागं थोडी जागा आहे. इथं त्याला हित्तल म्हणतात, आपण परस म्हणू. पूर्वी तिथं एक चिकूचं झाड, तुळस आणि कपडे वाळत घालायची तार एवढंच होतं. मग जिकडंतिकडं ऐकायला यायला लागलं, बाजारातल्या भाजीवर अमुक मारतात, तमुक मारतात, फ्लॉवर कशात तरी बुडवून काढतात. हिच्या घरात लहान मुलं. माझा जीव खालीवर व्हायचा. मी म्हटलं, आपणच पिकवू, बिनऔषधाचं. शाळेत मी फार गेले नाही, पण मोबाईल चालवता येतो. एक गृहस्थ टोपी घालून शेतात उभे राहून सगळं समजावून सांगायचे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पिंपात कालवून ठेवा, ढवळत राहा, मग भरपूर पाणी घालून पंधरवड्यातून एकदा झाडांना द्या. मी निळं पिंप आणलं. गल्लीच्या टोकाला गवळी आहे, त्याच्याकडून रोज सकाळी शेणाची बादली यायला लागली. आमचे हे म्हणाले, "निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात." मी म्हटलं, "गुलाब खाता येत नाही."

पहिल्यांदा तो पिंपातला घोळ घातला आणि मेथी अशी तरारून वर आली की मी दारात उभी राहून बघतच राहिले. आणि तिथंच माझं चुकलं. पंधरवडा थांबायला सांगितलं होतं, मला चार दिवससुद्धा निघेनात.

आमच्याकडची पंगत तुम्ही पाहिली नसेल तर हे कळायचं नाही. इथं पाहुणा "साकु" म्हणतो. साकु म्हणजे पुरे. पण साकु म्हणणाऱ्याचं ऐकलं तर ती वाढणारी कसली? पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून तूप सोडायचं. पोळी नको म्हणाला की अर्धी म्हणून पूर्ण वाढायची. या हातानं मी जन्मभर तेच केलं, आणि "अक्कांच्या हातचं म्हणजे उठता येत नाही हो," हे ऐकून सुखावले. तोच हात वाफ्यात चालला. मेथी हिरवी दिसली की घाल आणखी घोळ. पान जरा मलूल दिसलं की भूक लागली असेल बिचारीला, घाल शेंगेची पेंड भिजवून. मुळ्याच्या वाफ्यात तर ओलं शेण तसंच पुरलं. झाडांना हात आडवा धरता येत नाही. नाहीतर माझ्या परसातल्या एकूण एक रोपानं तो धरला असता.

आणि काय माजली ती भाजी! मेथीचं पान रुपयाएवढं, काळपट हिरवं. काडी बोटाएवढी. आणि मी ती लवकर उपटायची नाही. वाढू दे, अजून वाढू दे. कुणी आलं की मागच्या दारी नेऊन दाखवायची. "बघा, एक थेंब औषध नाही." शनिवारी संध्याकाळी उपटायची, पाणी मारायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, रविवारी जुड्या बांधायच्या. जुड्या बांधायला माझ्या जुन्या इरकली लुगड्याच्या काठाच्या पट्ट्या. लाल काठ, हिरवी भाजी, दिसायला एकदम देखणं. एक जुडी शेजारी, एक समोर, भजनाच्या बायकांना, आणि मोठी पिशवी हिला. कुणी "कशाला अक्का, आहे घरात भाजी" म्हटलं, तर ते मी मोजतच नव्हते. हातात कोंबायची. सोबत चार वाक्यं बाजाराच्या भाजीच्या नावानं. हेसुद्धा सांगते, कारण तेच आता जास्त टोचतं. भाजी देऊन गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी भाषण देत होते.

आता तुम्ही विचाराल, तुम्ही स्वतः खात नव्हता का? खात होते. रोज खात होते. पण इथंच खरी गंमत आहे.

आमच्या भागात भाकरीबरोबर हिरवा पाला कच्चा खातात. जोंधळ्याची भाकरी, शेंगेची चटणी, एण्णेगाई, म्हणजे तेलात शिजवलेली भरली वांगी, आणि ताटाच्या कडेला मूठभर कच्ची मेथी, कांद्याची पात, कोवळा मुळा, मिळाली तर हक्करकी. हक्करकी ही शेतातल्या बांधाला आपली आपण येणारी भाजी, जमिनीला चिकटून पसरते. हे सगळं तसंच, धुऊन, चावून खायचं. फार तर बारीक चिरून कारळ्याची पूड आणि कच्चं तेल घालून पचडी करायची. शिजवलेल्या भाजीला लपायला जागा असते. डाळ असते, लसूण असते, चिमूटभर गूळ असतो. कच्च्या पाल्याला कुठं लपायचं? जसा वाढला तसाच तोंडात येतो.

आणि माझी कवळी! दात गेल्यापासून कच्चा पाला मला चावत नाही. जिभेखाली नुसता चोथा फिरतो. म्हणून मी माझी मेथी डाळीत गळेपर्यंत शिजवून, वर लसणीची फोडणी देऊन खात होते आणि म्हणत होते, "वा, घरची चवच वेगळी." तो लसूण कुणी पिकवला होता देव जाणे. दोन वर्षं मी सगळ्या गावाला कच्चं खा, कच्चं खा म्हणून पाला वाटत फिरले, आणि स्वतः एक पान कच्चं चाखलं नाही.

आता त्या दिवसाचं. मला गोणपाट हवं होतं, वाफ्यावर सावली करायला. दुर्गदबैलात स्वस्त मिळतं म्हणून आठवड्याच्या मध्येच हुबळीला गेले. गोणपाटाची वळकटी काखेत मारली, हातगाड्या चुकवत चुकवत गल्लीत शिरले आणि न सांगता हिच्या दारात उभी राहिले. जेवणाची वेळ होती. पुरुषमंडळी जेवून दुकानात गेलेली, सासूसुना नुकत्याच बसलेल्या.

"बर्री अक्का, बर्री!" या, या म्हणत सासूबाई तिथूनच ओरडल्या. "गोणपाट घेऊन आलात? राहायला आलात की काय?"

"ठेवून घेतलंत तर राहीन," मी म्हटलं.

हिनं ताट वाढायला घेतलं, पण चेहरा का उतरला ते मला कळलं नाही. मी खाली बसले. बघते तर दोघींच्या ताटात कडेला मेथी. इवली पानं, बारीक काड्या, मुळासकट धुतलेली, पांढरीशुभ्र मुळं. वास माझ्यापर्यंत येत होता. मला उमाळाच आला. मी म्हटलं, आणि आता लिहितानासुद्धा कान गरम होतात बघ, मी म्हटलं, "माझी मेथी ना? बघा विहीणबाई, कशी कोवळी आहे! वास बघा! याला म्हणतात बिनऔषधाची भाजी. बाजारात मिळेल का अशी?"

ही भाकरीचा एकच तुकडा वाटीत बुडवत राहिली. सासूबाईंनी हिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्या तशा पोटात ठेवणाऱ्यातल्या नव्हेत.

"अक्का," त्या म्हणाल्या, "ही कोपऱ्यावरच्या बाईकडची. तुमची ती मागं आहे."

"मागं कुठं?"

"अत्ते," ही म्हणाली. अत्ते म्हणजे सासूबाई. "अत्ते, साकु."

पण मी उठलेच होते. मागच्या दारात दगडी कुंडी आहे, भाज्यांची देठं, साली टाकायची. शेजारची गाय तिथं येऊन उभी राहते. ती तेव्हाही होती. कुंडीत माझी मेथी. जुडी सोडायचीसुद्धा तसदी घेतलेली नव्हती. लाल इरकली काठ तसाच बांधलेला. खालची पानं काळी पडून एकमेकांना चिकटलेली. आणि गाय खात नव्हती. नुसती उभी होती.

सासूबाई माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. "आम्ही तिलाच घालतो, अक्का. तुमच्यापासून काय लपवायचं? पूर्वी खायची. हल्ली आधी हुंगते, मग आमच्याकडं बघते, मग नाइलाजानं एक घास घेते. तिलासुद्धा तुमचा मान राखावा लागतो."

ही मागून रडवेल्या आवाजात म्हणाली, "काकू, तसं नाही गं. शिजवली तर चालते. मुलांना कच्ची आवडत नाही, एवढंच. परवा नेमकी राहून गेली..."

"दर आठवड्याला राहून जाते," सासूबाई म्हणाल्या.

मी हसले असेन. हसायचा प्रयत्न तरी केला. मग माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "तुमच्याकडं विडा कुटायचा खल आहे ना? आण गं."

"कशाला?"

"चव बघायची आहे. कवळीनं चावत नाही. कुटून दे."

ही नको नको म्हणत होती, पण नको म्हणणाऱ्याचं मी कधी ऐकलं होतं? सासूबाईंनी पितळी खल आणला. कुंडीतल्या जुडीतली त्यातल्या त्यात वरची, चांगली पानं निवडून धुतली. आधी माझी कुटली, मिठाचा कण घालून. मी बोटानं जिभेवर ठेवली.

गवत. पाणी पाणी, गवतासारखं. मेथीचा वास कुठंतरी लांब, शेजारच्या घरातून आल्यासारखा. आणि मग घशाशी एक जहाल कडवट चरचर, ती जाता जाईना. मेथी कडू असतेच, पण तो कडूपणा हवाहवासा असतो, भाकरीचा गोडवा वर काढतो. हा तसा नव्हता. हा नुसता ओरबाडत होता.

मग खल धुऊन कोपऱ्यावरच्या बाईची मेथी. ती जिभेवर ठेवली मात्र, मला माझं माहेर आठवलं, आणखी काय सांगू. ती बिनऔषधाची होती का? मला माहीत नाही. तिनं काय घातलं, काय मारलं, कुणी विचारलं नव्हतं. चवीनं ते कळत नाही, आणि म्हणून माझं परस बंद करून बाजाराला शरण जावं असंही मी म्हणत नाही. पण त्या क्षणी मला एवढं कळलं की मी दोन वर्षं नुसतं "काय नाही" तेच सांगत फिरत होते. औषध नाही, विष नाही. काय आहे, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

सासूबाईंनी माझ्यापुढं ताट सरकवलं. "जेवा आता. मी वाढायला बसले आहे, साकु म्हणालात तर ऐकणार नाही."

मी जेवले. गोणपाट तिथंच विसरून आले.

बसमध्ये खिडकीशी बसले आणि एकेक जुडी आठवायला लागली. कुणाकुणाला दिली, कोण काय म्हणालं. "अक्का, झक्कास दिसते हो." "वा, काय पानं!" पानांचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं. चवीबद्दल कुणी बोललं होतं का? मी डोकं खाजवून आठवलं. कुणी नाही. एवढी माणसं, इतके दिवस, सगळे कसे सांभाळून बोलत होते! आणि ते सांभाळणं मला कळलं नाही, ही लाज भाजीच्या लाजेपेक्षा मोठी होती.

घरी आले ते थेट यांच्यासमोर. यांचे दात अजून स्वतःचे आहेत. मी विचारलं, "तुम्ही कच्ची मेथी खाणं का सोडलंत?"

"गॅस होतो म्हणून."

"खरं सांगा."

यांनी पेपर खाली घेतला. "खायची होती की चघळायची होती ते ठरेना म्हणून."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? तू 'कशी मस्त आहे ना' असं विचारायचीस. त्याचं उत्तर एकच असतं. ते मी देत होतो." आणि पुन्हा पेपर वर. जन्मभर पोरांचे पेपर तपासलेला माणूस! मला मात्र दोन वर्षं न वाचताच पास करत होता.

मग शेजारी गेले. शेजारीण मला धाकट्या बहिणीसारखी. मी दारातच म्हटलं, "माझी मेथी तू काय करतेस?" तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते की काय. ती हसत होती.

"अक्का, हुबळीला जाऊन आलात ना? कळलं का?"

"तुला कसं कळलं मला कळलं ते?"

"चेहऱ्यावरून. बसा. आम्ही ती गवळ्याच्या गाईला देतो. समोरचेही तिलाच देतात. सोमवारी सकाळी ती आपणहून आमच्या फाटकाशी येते."

गवळ्याची गाय. जिच्या शेणाची बादली रोज माझ्याकडं येत होती. म्हणजे माझीच भाजी फिरून माझ्याच पिंपात पडत होती, आणि मी तीच पुन्हा वाफ्यात ओतत होते. मी तिथंच पायरीवर बसले. मला हसू येत होतं की रडू, ते मलाच नीट सांगता यायचं नाही.

"नको म्हणायचं होतंस गं एकदा तरी."

"अक्का, म्हटलं होतं," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तीनचारदा म्हटलं. तुम्ही दोन जुड्या जास्त दिल्यात."

मी उठून घरी आले.

त्यानंतर किती दिवस मी परसाकडं फिरकले नाही. पिंपाला झाकण लावलं. घरात कुणी आलं की मागचं दार ओढून घेत होते. भजनाला गेले नाही. बायका म्हणाल्या असतील, अक्कांना ताप आला. भजनाला दांडी मारायला ताप पुरतो, लाज सांगता येत नाही. आणि तुला फोन केला तर तुझ्याकडं पाहुणे. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. मी जेवणाची तीन ताटं मांडायची आणि एक उचलून ठेवायची. हे त्या तिसऱ्या ताटाच्या जागी पेपर ठेवायला लागले.

मग एका सकाळी कपडे वाळत घालायला म्हणून गेले, तर तारेखाली, जिथं मी कधी पाणीसुद्धा घातलं नव्हतं, तिथं चारपाच मेथीची रोपं. पेरून हात झटकताना कधी दाणे सांडले असतील. ऊन भरपूर, जमीन कडक, कपड्यांचं थेंबथेंब पाणी, बस. बोटभर उंची, पानं बारकी. मी एक उपटलं, घरात आणून खलात कुटलं आणि यांना हाक मारली. यांनी चाखलं. कवी असते तर काही बोलले असते. म्हणाले, "आणखी आहे का?"

दोन वर्षांत हा प्रश्न यांनी पहिल्यांदा विचारला.

तेव्हापासून परत सुरू केलं आहे, पण हात आवरून. चिकूच्या सावलीतले वाफे मोडले, मेथी उन्हात आणली. गोणपाट हवंच नव्हतं, ते तुमच्याकडंच राहू द्या, दुकानात गठ्ठे झाकायला होईल. ओलं शेण वाफ्यात घालणं बंद. ते कोपऱ्यात पाल्याबरोबर रचून ठेवलं, झाकलं, विसरले. उन्हाळाभर तसंच. उघडलं तेव्हा त्याला शेणाचा वास नव्हता, पावसानंतर मातीला येतो तसा होता, आणि मुठीत भुसभुशीत. तेच मूठमूठ घालते. पूर्वी ओल्या शेणात मुळा लावला तर त्याला पाय फुटायचे, दोन दोन, तीन तीन, अंगभर केस. आता सरळ जातो, खाली काही बोचत नाही म्हणून. काकडी कडू का निघायची तेही कळलं. मी आठ दिवस विसरायची आणि मग एकदम पिंपभर पाणी ओतायची. आता थोडं थोडं, रोजच्या रोज, सकाळी. मेथी दाट पेरत नाही. घोळ महिन्यातून एखादेवेळी, तेही पातळ, पेल्यानं. आणि वीतभर झाली की उपटते, त्याच सकाळी, खायच्या दिवशी. वाढू दे म्हणत नाही.

सोपं नाही गं हे. परवाच मेथी जरा पिवळसर वाटली तर हात पिंपाकडं गेलाच होता. मी स्वतःला मोठ्यानं म्हटलं, "साकु." शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "कुणाला म्हणता अक्का?" मी म्हटलं, "मलाच."

आता भाजी थोडी येते. पूर्वीची निम्मी पिशवीसुद्धा भरायची नाही. पानं दाखवण्यासारखी नाहीत, एखाद्या पानाला अळीनं भोक पाडलेलं. मी कुणाच्या घरी नेऊन देत नाही. शेजारीण भिंतीवरून मागते तेव्हाच देते, आणि ती मागते. ती मागायला लागली त्या दिवशी मला तुझी फार आठवण झाली. तुला पहिली जुडी द्यायची होती. पण द्यायची म्हटलं की हात पुन्हा जुन्या वळणाला जाईल अशी भीती वाटते, म्हणून पाठवत नाही. तू येऊन खा.

तर ऐक. तुझ्या सासूबाई बोलल्या ते मला लागलं, हे खोटं कशाला सांगू? पण एवढ्या माणसांत त्या एकट्याच मला खरं सांगण्याइतकं जवळचं मानत होत्या. तू मला सांभाळलंस. आणि सांभाळता सांभाळता माझ्यापासून लांब गेलीस. मला भाजी गाईपुढं गेलेली चालेल. तुझं ताट रिकामं राहिलेलं चालत नाही.

म्हणून ये. या रविवारीच ये. रिकाम्या हातानं ये, रिकाम्या हातानं जा, पिशवी मी मुद्दाम माळ्यावर टाकली आहे. आणि येताना सासूबाईंना घेऊन ये. त्यांना म्हणावं अक्कांनी बोलावलंय, पितळी खल घेऊन या, आमच्याकडं दगडी आहे तो जड पडतो. भाकऱ्या गरम गरम करीन, कडेला चार काड्या मेथी ठेवीन, मोजून. चव कशी आहे ते मी विचारणार नाही, त्यांनी आपणहून सांगायचं. आणि तू पानावर हात आडवा धरलास तर बोटांच्या फटीतून काही सोडणार नाही, एवढं कबूल करते. तूप सोडून. तूप मात्र जरा सोडीन. ये गं लवकर.